काट्यामागचं ऑफिस, कळंबोली: लो-बेडवर काम शोधणाऱ्यांसाठी

कळंबोलीच्या स्टील मार्केटात एका वजनकाट्याच्या मागं, टायरवाल्याच्या पत्र्याच्या शेडला लागून दहा बाय बाराची एक खोली आहे. दारावर पाटी नाही. ड्रायव्हर लोक तिला ‘काट्यामागचं ऑफिस’ म्हणतात आणि आत बसणाऱ्या माणसाला ‘उस्ताद’. ट्रेलर, लो-बेड (जड मशिनं नेणारा बुटक्या पाट्याचा ट्रेलर), हायड्रॉलिक एक्सल (फार जड मालाचा पुष्कळ चाकांचा ट्रेलर) ओढणारे पुलर अशा गाड्यांवर ड्रायव्हर लावून द्यायचं काम तिथं चालतं. मी गेल्या ऑक्टोबरात तिथं गेलो, डिसेंबरात गाडीवर चढलो, आता ऑगस्ट आहे. आठ महिने पगार वेळेवर हातात पडल्यावरच लिहायचं असं ठरवलं होतं, म्हणून आज लिहितोय. पाचपैकी चार तारे. एक का कापला ते खाली सांगतो.

मी माण तालुक्यातला. ११ वर्षं न्हावा शेव्याहून कंटेनर ओढले. भिवंडी, तळेगाव, चाकण, कधी नाशिक. मालकानं सहाच्या सहा ट्रेलर विकले आणि आम्ही सहाजण एकाच आठवड्यात घरी बसलो. दोन मुली शाळेत, थोरली दहावीला. कंटेनरवर पुन्हा काम मिळालं असतं, पण बंदराच्या रांगेत दोन-दोन रात्री काढून हातात पडणाऱ्या पैशावर घर आता भागत नव्हतं. लो-बेडला पगार जास्त, भत्ता जास्त, आणि खरं सांगायचं तर लहानपणापासून मला त्या गाड्यांचं वेड. आमच्या भागात धरणाच्या, कॅनॉलच्या कामाला मशिनं यायची, तेव्हा आम्ही पोरं शाळा सोडून ती उतरवताना बघायला जायचो.

आधी मोबाईलवरच्या एका ॲपवर नाव टाकलं. त्यात कंटेनर, उघडा ट्रेलर, लो-बेड सगळ्यांना एकच खाना: ट्रेलर. पंधरा दिवसांत फोन पुष्कळ आले. कंटेनरचे, टँकरचे, एक तर स्कूल बसचा. लो-बेडचा एकही नाही. ॲपची यात मोठी चूक आहे असं नाही. ज्याचं दहा लाखांपासून कोटीपर्यंतचं मशीन गाडीवर जाणार, तो मालक फोटो आणि लायसन्स बघून ड्रायव्हर ठेवत नाही.

मग एक एजंट भेटला. ६००० रुपये आगाऊ घेतले आणि तळोजा बाजूच्या एका यार्डात पाठवलं. गाडी चांगली होती. दुसऱ्याच दिवशी एका गावातून मशीन न्यायचं होतं, रस्त्यावर विजेची वायर खाली आलेली. मुनशी फोनवर म्हणाला, क्लीनरला मशिनच्या टपावर चढव आणि बांबूनं वायर वर धरायला लाव. क्लीनर एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, पायात स्लीपर. बांबू दवानं ओला. मी गाडी बाजूला लावली आणि नाही म्हणालो. तो म्हणाला, बाकीचे सगळे करतात. मी चावी क्लीनरच्या हातात दिली, त्याला वर चढू नकोस म्हणून सांगितलं आणि एसटीनं परत आलो. माझे ६००० गेले ते गेलेच. एजंट म्हणाला, काम मी दिलं होतं, सोडलंस तू. त्या पोराचा चेहरा अजून डोळ्यांपुढं आहे.

या ऑफिसात पहिल्यांदा गेलो तेव्हा उस्तादांना हीच हकिगत सांगितली. सांगताना धाकधूक होती, कारण काम अर्धवट सोडून आलेला ड्रायव्हर कुणाला आवडत नाही. ते ऐकत राहिले. एवढंच विचारलं, “वायर कुणाला कळवली होतीस?” मी म्हणालो, कुणालाच नाही. “मग अर्धंच केलंस,” म्हणाले. “महावितरणच्या माणसाला फोन करून लाइन बंद करून घ्यायची, तोच वर करणार, तोच खाली सोडणार. तू निघून आलास, वायर तिथंच राहिली. तुझ्यामागं दुसरा ड्रायव्हर आला असेल.” मला ते लागलं, पण बरोबर होतं.

उस्तादांनी स्वतः पंचवीसेक वर्षं लो-बेड आणि पुलर चालवलेत. गुडघा गेला म्हणून खाली उतरले. खोलीत एक टेबल, दोन बाकं, भिंतीवर महाराष्ट्राचा रस्त्यांचा नकाशा, आणि कोपऱ्यात साखळ्यांचा ढीग. तिथं बसल्यावर आधी चहा येतो, मग कागद मागतात. लायसन्स ते मोबाईलवर सरकारी साइटवर टाकून बघतात, नुसत्या कार्डावर विश्वास ठेवत नाहीत. माझ्या लायसन्सवरच्या ट्रान्सपोर्टच्या, म्हणजे धंद्याची गाडी चालवायच्या, मुदतीला चारच महिने राहिले होते. २०१९ च्या बदलानंतर ही मुदत ५ वर्षांची झाली आहे, म्हणून मी निवांत होतो. ते म्हणाले, आधी डॉक्टरचा दाखला घेऊन रिन्यू करून ये. मोठ्या मालाची ट्रिप मध्येच लांबली आणि मुदत संपली तर विमा कंपनी हात वर करेल. मी गेलो, केलं, आणि दहा दिवसांनी परत आलो. तोवर त्यांनी माझ्याकडून एक रुपया घेतला नव्हता.

आता परीक्षा. ही गोष्ट नीट सांगतो, कारण या ऑफिसची किंमत हिच्यातच आहे.

काट्याच्या पलीकडं एक मोकळं यार्ड आहे, ओळखीच्या मालकाचं. तिथं लो-बेड आणि त्यावर २० टनी पोकलेन उभं होतं. पहिलं काम रिव्हर्स. दोन ड्रमांच्या मधून गाडी सरळ मागं न्यायची, मग आंधळ्या बाजूनं, म्हणजे क्लीनरकडच्या बाजूनं वळवून. यात मला अडचण आली नाही. बंदरात आम्ही दिवसभर तेच करायचो. उस्ताद नुसते बघत उभे. मग म्हणाले, “आता उतर आणि हे मशीन बांध.”

कंटेनरला चार कोपऱ्यांचे लॉक फिरवले की काम झालं. ११ वर्षं मी तेवढंच बांधणं केलं होतं. इथं पाच साखळ्या, पाच बाइंडर (साखळी ताणायचे दांडे), लाकडी गुटके, आणि समोर वीस टन लोखंड. मी पुढच्या दोन साखळ्या पुढं ओढल्या, मागच्या दोन मागं, इथवर बरोबर. पण बूमला, म्हणजे पोकलेनच्या लांब हाताला, बांधायची साखळी मी बकेटच्या सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावरून टाकली. उस्तादांनी हात वर केला. “थांब. हा दांडा खरवडला की सील जातं, तेल गळतं, आणि मालकाचं काम साइटवर पोचल्या दिवशी बंद. साखळी बकेटवरून घे किंवा बूमच्या जाड लोखंडावरून, पाइपाला आणि दांड्याला लागता कामा नये.” मग बाइंडरचा दांडा ओढायला मी बाजूला पडलेला पाइप अडकवला. सगळेच अडकवतात. तेही थांबवलं. पाइप निसटला तर जबडा फुटतो, आणि साखळी गरजेपेक्षा जास्त ताणली जाते ती वेगळीच.

मग उंची विचारली. मी मशीनच्या कंपनीनं दिलेला आकडा सांगितला, त्यात बेडची उंची मिळवली. ते काही बोलले नाहीत, कोपऱ्यातली मापाची काठी आणली आणि माझ्या हातात दिली. केबिनच्या टपावर दिवा लावलेला होता, आणि बूमचा कोपर केबिनपेक्षा वर आलेला. माझ्या आकड्यापेक्षा २२ सेंटिमीटर जास्त भरलं. “बांधून झाल्यावर मोजायचं. पुलाला कंपनीचा कागद दिसत नाही,” म्हणाले.

रुंदीचंही तसंच. गाडीला रुंदीची मर्यादा २.६ मीटर. २० टनी पोकलेनच्या दोन्ही ट्रॅकांची बाहेरून रुंदी बहुतेक वेळा २.८ मीटरच्या आसपास येते. म्हणजे रोज ज्याला आपण साधं मशीन म्हणतो, ते कागदावर जादा आकाराचा माल असतं आणि त्याला परवानगी लागते. मला हे ११ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. परवानगीत गाडीचा नंबर, मालाची लांबी-रुंदी-उंची, वजन आणि रस्ता लिहिलेला असतो. जो रस्ता लिहिलाय तोच रस्ता. वाटेत कुणी शॉर्टकट सांगितला तरी जायचं नाही, कारण त्या रस्त्यावरचा पूल कुणी तपासलेला नसतो. तीन एक्सलचा घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) आणि तीन एक्सलचा ट्रेलर मिळून ५५ टनांपर्यंतच वजन चालतं, हे त्यांनी तोंडी नाही, समोरच्या काट्यावर गाडी चढवून शिकवलं. मशीन बेडवर दोन फूट मागं घेतलं की पुढच्या घोड्यावरचं वजन किती उतरतं ते काट्याच्या पाटीवर दिसतं. घोडा हलका पडला की घाटात चाकं जागेवर फिरतात आणि स्टेअरिंग हातात हलकं लागतं. ही गोष्ट पुस्तकातून डोक्यात शिरली नसती.

मी नापास झालो. रिव्हर्सला पास, बांधण्यात नापास. ते म्हणाले, “आठ दिवस ये. गाड्या येतील, त्या बांध. मग बघू.” आठ दिवसांत मी चौदा गाड्या बांधल्या. पोकलेन, रोलर, एक पेव्हर, एकदा ट्रान्सफॉर्मर, आणि दोन दिवस नुसते स्टीलचे कॉइल, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळ्या. कॉइल दिसायला शांत, पण वीस-वीस टनांचा तो गोळा ब्रेक लागला की पुढं केबिनकडं येतो. डोलवीहून निघणारे कॉइल वडखळ, पेण करत इकडं येतात तेव्हा मागचे गाडीवाले अंतर ठेवतात ते उगाच नाही. उघड्या ट्रेलरवर काम शोधणाऱ्यानं कॉइल बांधायला शिकलंच पाहिजे, कारण कळंबोली-तळोजा पट्ट्यात लो-बेडपेक्षा त्याचं काम कितीतरी जास्त आहे, आणि नवीन माणसाला दार तिथूनच उघडतं.

नवव्या दिवशी एका लो-बेडचा मालक आला. माझ्याशी दोन मिनिटं बोलला, उस्तादांशी अर्धा तास. मग उस्तादांनी एक कागद काढला. हा कागद मला या ऑफिसातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. वहीचं साधं पान, मराठीत, दोन प्रती, दोघांच्या सह्या. पगार महिना २८,०००, सात तारखेच्या आत. गाडी बाहेर असेल त्या दिवसाचा भत्ता ६००. साइटवर माल उतरवायला थांबावं लागलं तर त्या दिवसाचाही भत्ता. वजनाचं किंवा परवानगी नसल्याचं चलान मालकाचं, वेगाचं आणि सिग्नलचं माझं. डिझेलच्या ॲव्हरेजवर कापणी नाही, कारण लो-बेडचं इंजिन कधी कधी तास-तास उभ्यानं चालू असतं. महिन्याला चार दिवस घरी. गाडीच्या विम्यात पगारी ड्रायव्हर आणि क्लीनर दोघंही आहेत का, ते पॉलिसी समोर ठेवून वाचलं. मी ११ वर्षांत स्वतःच्या गाडीची पॉलिसी कधी उघडून पाहिली नव्हती.

शेवटची ओळ हातानं जोडलेली होती: वायर आडवी आली तर ड्रायव्हर गाडी थांबवेल, लाइन बंद होईपर्यंत गाडी हलणार नाही, आणि त्या वेळेसाठी ड्रायव्हरला कुणी बोलणार नाही. मालकानं वाचलं आणि सही केली. माझ्या घशात दाटून आलं होतं हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

ऑफिसची फी ३००० रुपये. पहिला पगार हातात आल्यावर १५००, दुसऱ्यावर १५००. मालकाकडून ते वेगळे घेतात, किती ते मला माहीत करून घ्यायचं नव्हतं.

पहिली मोठी ट्रिप जानेवारीत. तळोज्याहून कोरेगाव तालुक्यात एका कामावर २० टनी पोकलेन. पनवेल सोडून पंधरा किलोमीटरवर गाडी बाजूला घेतली. उस्तादांनी सांगितलं होतं, कितीही ताणून बांध, पहिल्या पंधरा किलोमीटरांत मशीन बेडवर बसतं आणि साखळ्या ढिल्या होतात. उजवीकडची मागची साखळी खरंच दोन बोटं सैल झाली होती. पुन्हा ताणली. पुढं लोणावळा, पुणे, मग खंबाटकी. घाटात चढताना घाई केली नाही, खालच्या गिअरला गाडी गुणगुणत गेली. सातारा ओलांडल्यावर खरा त्रास सुरू झाला. उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि रस्त्याच्या निम्म्यात ऊस बाहेर आलेला. पावणेतीन मीटर रुंदीचं मशीन घेऊन त्यांच्या शेजारून जाताना क्लीनर खिडकीतून अर्धा बाहेर निघून बसला होता, त्याला आत घेतलं आणि मुक्काम केला. उजाडल्यावर निघालो.

साइटच्या अलीकडच्या गावात वायर होती. पिंपळाच्या पारापासून दुकानापर्यंत आडवी, काठीनं मोजली तर आमच्या बूमच्या चार बोटं खाली. मी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, उस्तादांना फोन केला. त्यांनी सांगितलं, वायरमनचा नंबर ग्रामपंचायतीत मिळेल. अडीच तास गेले. गावातले लोक म्हणत होते, आमचा पोरगा चढतो, पाच मिनिटांत करतो. मी हात जोडले. वायरमन आला, लाइन बंद केली, वायर वर घेतली, आम्ही खालून गेलो. त्या अडीच तासांबद्दल मालकानं एक शब्द काढला नाही. पारावर एका म्हातारबाबांनी आम्हा दोघांना शेंगा आणि गूळ दिला होता, त्याची आठवण अजून आहे.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी: ते आठ दिवस बिनपगारी असतात. दुपारचं जेवण ऑफिस देतं, राहायची सोय तुमची तुम्ही. माझी बहीण कामोठ्याला राहते म्हणून मी निभावलं. बीडहून, लातूरहून आलेला ड्रायव्हर कळंबोलीत आठ दिवस कुठं झोपणार? माझ्याबरोबर उदगीरचा एक चांगला हात असलेला माणूस होता. तिसऱ्या दिवशी पैसे संपले म्हणून निघून गेला. चौदा गाड्या आम्ही बांधल्या, त्या गाड्यांच्या मालकांचं काम झालं, मग बांधणाऱ्याला रोजचे तीनशे-चारशे मिळायला काय हरकत आहे? मी हे उस्तादांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, मालकांशी बोलतो. अजून काही झालेलं नाही. म्हणूनच एक तारा कापलाय.

दुसरी: फोन उचलत नाहीत. दुपारी एकनंतर तर नाहीच. गाडीवर असलेल्या ड्रायव्हरचा मात्र उचलतात, रात्रीही. पण नवीन माणूस फोन करून करून कंटाळेल. थेट जा.

तिसरी: ओळख सगळी नवी मुंबई, रायगड, पुणे भागातल्या मालकांची. पवनचक्कीची पाती नेणाऱ्या लांबट ट्रेलरवर काम हवं असेल तर इथं काही मिळणार नाही. त्यांचे ठेके वेगळे आणि शिकणंही वेगळं. विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या मालकाकडं घराजवळ काम हवं असेल तरीही हे ऑफिस उपयोगाचं नाही.

गाडीबद्दल एक: १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. माझी गाडी २०१९ ची, तिला नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापूर बाजूला केबिनमध्ये बसवत नव्हतं. ऑफिसनं गाडी दाखवताना टायर, ब्रेक, ट्रेलर जोडायची पिन सगळं दाखवलं, पण हे कागदावर कुठं नव्हतं. पुढच्या वेळी करार करताना मी पंखा आणि पडदे तरी लिहून घेणार आहे.

कुणी जावं? ज्याला मोठ्या गाडीची निदान चार-पाच वर्षांची सवय आहे, ज्याचं लायसन्स स्वच्छ आहे, आणि ज्याला चाळिशीत पुन्हा क्लीनरसारखं साखळी उचलायची लाज वाटत नाही, त्यानं. उद्याच्या उद्या पैसा हवा असेल तर कंटेनरवर जा, तिथं आजही दोन दिवसांत काम मिळतं. दारू पिऊन येणाऱ्याला उस्ताद चहासुद्धा विचारत नाहीत.

ऑफिस सकाळी आठ ते एक उघडं असतं, गुरुवारी बंद. त्या दिवशी ते गुडघ्याच्या डॉक्टरकडं जातात. जाताना लायसन्स, आधार, आधीच्या मालकाचा फोन नंबर, पायात बूट आणि जाड हातमोज्यांची एक जोडी घेऊन जा. हातमोजे तिथं मिळत नाहीत, आणि पहिल्या दिवशी माझे तळवे सोलून निघाले होते.

माझा चुलत भाऊ सोमवारपासून तिथं बांधायला शिकतोय. आठ दिवस तो बहिणीकडंच कामोठ्याला राहतोय, आणि उदगीरच्या त्या माणसाला मी फोन केलाय. तोही येतो म्हणाला, त्याचीही झोपायची सोय तिथंच केली आहे.